वाहतं पाणी, फिरतं पाणी



मागच्या दोन भागांत आपण वाळवंटातल्या पाणीपुरवठ्याबद्दल बोललो. आजही विषय पाण्याचाच आहे, फक्त जागा बदलली आहे. बडोद्यातल्या माझ्या घरी, दिवाणखान्यात, अडीचशे लिटरची काचेची टाकी आहे. आत खारं पाणी आहे, समुद्री मासे आहेत. या टाकीला जोडलेल्या दोन यंत्रांचा इतिहास आज सांगायचा आहे. एक अतिनील किरणांचा दिवा, ज्याला सगळे यूव्ही म्हणतात, आणि दुसरा ओझोनायझर. ही दोन्ही यंत्रं माशांसाठी जन्मलेली नाहीत. ती शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी जन्मली, आणि तिथून फिरत फिरत आपल्या घरातल्या टाकीपर्यंत आली. येताना एक गोष्ट मागे राहिली. त्या गोष्टीची किंमत माझ्या घरातल्या एका माशाने मोजली, म्हणून हा भाग.

सुरुवात मात्र फौजेतूनच करतो. मी बॉम्बे सॅपर्सचा. पाण्याचा पॉइंट उभा करणं हे इंजिनिअर मंडळींचं काम आणि ते पाणी पिण्यालायक आहे की नाही हे सांगणं डॉक्टरसाहेबांचं. ऐंशीच्या दशकात राजस्थानात मी तरुण अधिकारी असताना डॉक्टरसाहेबांकडे एक पेटी असे. तिला हॉरॉक्स बॉक्स म्हणतात. पेटीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला, दोन चमचे, काचेच्या कांड्या. काळ्या पेल्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी घ्यायचं आणि त्यात त्या द्रावणाचे अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहापर्यंत थेंब टाकायचे. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येक पेल्यात स्टार्च-आयोडाइडचे थेंब. ज्या पहिल्या पेल्यात स्वच्छ निळा रंग दिसेल त्याचा नंबर घ्यायचा. तिसरा असेल तर ४५५ लिटर, म्हणजे जुन्या १०० गॅलन पाण्याला तीन सपाट चमचे पावडर. एवढं साधं. ज्यांच्या नावाची ही पेटी ते विल्यम हॉरॉक्स ब्रिटिश फौजेच्या वैद्यकीय दलातले. त्यांचा मुलगा ब्रायन पुढे दुसऱ्या महायुद्धात मोठा सेनापती झाला, आणि तो जन्मला आपल्या रानीखेतला. हे मी उगाच सांगतो आहे, पण कुमाऊंत नोकरी केलेल्यांना बरं वाटेल.

तो निळा रंग लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

आता जाऊया बाझेलला, स्वित्झर्लंडमध्ये. विजेच्या यंत्राजवळ एक उग्र वास येतो हे १७८५ मध्येच हॉलंडच्या व्हान मारुम यांनी नोंदवलं होतं. १८३९ साली बाझेलचे प्राध्यापक ख्रिस्तियन शोनबाइन पाण्यातून वीज नेत होते आणि त्यांना तोच वास आला. हा वास म्हणजे एक स्वतंत्र पदार्थ आहे असं त्यांनी म्हटलं आणि 'वास येणे' या ग्रीक शब्दावरून त्याला ओझोन नाव दिलं. हा वायू हवेत आहे का हे पाहायला त्यांनी काय वापरलं? पिठूळ खळ आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद. ओझोन लागला की कागद निळा. म्हणजे हॉरॉक्सच्या पेटीतल्या औषधाचाच हा पूर्वज. (हेच शोनबाइन पुढे गनकॉटन या स्फोटकासाठी प्रसिद्ध झाले. स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल बायकोच्या ॲप्रनने पुसलं आणि वाळताना ॲप्रन उडाला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, आमच्या कोर्सवर ती सांगितली जायची.)

ओझोन हवा तेव्हा आणि हवा तेवढा बनवण्याची युक्ती १८५७ साली वेर्नर सीमेन्स यांनी काढली. तेही पूर्वी प्रशियन तोफखान्यात अधिकारी होते. दोन काचनळ्यांच्या मधल्या फटीतून हवा सोडायची आणि त्या फटीत उच्च दाबाची वीज शांतपणे झिरपू द्यायची, ठिणगी पडू द्यायची नाही. आजही माझ्या टाकीजवळच्या डबीत तत्त्व तेच आहे. १८९३ साली हॉलंडमधल्या औडशोर्न इथे ऱ्हाइन नदीचं पाणी ओझोनने शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं, आणि १९०६ साली फ्रान्समधल्या नीस शहराने पिण्याच्या पाण्यासाठी तेच केलं.

यूव्हीची गोष्ट याला समांतर चालते. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी दाखवलं की उन्हात ठेवलेल्या नळ्यांमध्ये जंतू वाढत नाहीत. पुढे कळलं की हे काम उन्हातल्या निळ्या-जांभळ्या आणि त्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागाचं आहे. मग १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला. पण साधी काच हे किरण अडवते, म्हणून क्वार्ट्झची नळी लागली. तीही काही वर्षांत जर्मनीत जमली. १९१० साली मार्सेयमध्ये शहराच्या पाण्यावर हे दिवे लावून पाहिले. दिवे महाग, टिकत नव्हते, आणि तोपर्यंत क्लोरीन स्वस्त झालं होतं. पहिल्या महायुद्धानंतर तर क्लोरीनने दोघांनाही मागे ढकललं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ॲक्वागार्ड स्वयंपाकघरात आला तेव्हा यूव्ही हा शब्द घरोघरी पोचला.

इथे थांबून एक गोष्ट बघा. नीस, मार्सेय, माझा राजस्थानातला पॉइंट आणि तुमच्या ओट्याजवळचा फिल्टर, या चारही ठिकाणी पाणी एका बाजूने येतं, यंत्रातून एकदाच जातं आणि दुसऱ्या बाजूने निघून जातं. यंत्रापुढून गेलेलं पाणी परत मागच्या घाण पाण्यात मिसळत नाही. चेक पोस्टसारखं. प्रत्येक गाडी एकदा तपासली, सोडली, विषय संपला. या यंत्रांची सगळी कीर्ती अशा वाहत्या पाण्यावर उभी आहे.

घरातली टाकी वेगळी. तिच्यातलं पाणी फिरतं.

समुद्राचे जीव काचेत पाळण्याचा छंद व्हिक्टोरियन इंग्लंडचा. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञांनी १८५० च्या सुमारास दाखवलं की वनस्पती आणि प्राणी यांचं प्रमाण जमलं तर बंद टाकी चालते. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक 'फिश हाउस' उघडलं. त्यामागे असलेले फिलिप हेन्री गॉस यांनी समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून खारं पाणी कसं करायचं तेही लिहून ठेवलं. आमच्या बडोद्यात मी पाकिटातलं मीठ मिसळतो ती त्याचीच परंपरा. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं. माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांशी पहिली ओळख तिथलीच, वडिलांचं बोट धरून.

पण टाकी म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात एका माशाच्या वाट्याला अफाट पाणी. टाकीत दाटी. त्यामुळे जे रोग समुद्रात क्वचित दिसतात ते टाकीत साथीसारखे पसरतात. यातल्या दोन मोठ्या शत्रूंचं शास्त्रीय वर्णन ई. एम. ब्राऊन यांनी लंडनला केलं. एकाचं १९३१ मध्ये, त्याला छंदी लोक 'व्हेलवेट' म्हणतात. दुसऱ्याचं १९५१ मध्ये, क्रिप्टोकॅरियन, ज्याला आपण बोलताना 'व्हाइट स्पॉट' म्हणतो. अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके.

या दुसऱ्या शत्रूची चाल नीट समजून घ्या, कारण सगळी लढाई इथे आहे. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत काही दिवस राहतो, खातो, फुगतो. मग गळून खाली पडतो आणि दगडाला, वाळूला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या पुटीत विभागत राहतो. ती कधी थोड्या दिवसांत फुटते, कधी अनेक आठवड्यांनी. फुटली की शे-दोनशे पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणजे चार अवस्थांपैकी फक्त ही एकच पाण्याबरोबर वाहते. दिव्याच्या नळीत शिरण्याची शक्यता फक्त तिची. माशावर बसलेला आणि दगडाला चिकटलेला शत्रू पंपातून कधीच जाणार नाही.

साठच्या दशकात पश्चिम जर्मनीत एर्विन सँडर यांची यंत्रं आली. एक प्रोटीन स्किमर. लांब नळीत बारीक बुडबुडे सोडायचे, पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाच्या रूपाने वर येते, ती वाटीत काढून टाकायची. मटणाचा रस्सा उकळताना आई वरचा फेस पळीने काढायची तसंच. आणि दुसरं, त्याच बुडबुड्यांच्या हवेत ओझोन मिसळणारी डबी. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायला लागलं. पिवळेपणा गेला. पुढे यूव्हीच्या नळ्याही आल्या. निर्जंतुक टाकी हे आदर्श चित्र झालं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १९६१ मध्ये, जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात अगदी उलटी पद्धत मांडली. फिल्टर नाही, रसायन नाही. समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. दगडांच्या छिद्रांत राहणारे जंतूच पाणी साफ करत. फार कमी लोकांनी तेव्हा ते मनावर घेतलं. पुढे बर्लिनच्या छंदी मंडळींनी दोन्ही विचार जोडले, जिवंत दगड आणि जोडीला दमदार स्किमर, आणि आज जगभरच्या टाक्या बहुतेक त्या वाटेने चालतात. (आपल्याकडे एक लक्षात ठेवा. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. किनाऱ्यावरून उचलून आणणं हा गुन्हा आहे. मी सच्छिद्र कोरडे दगड वापरतो, त्यावर जंतू वसायला वेळ लागतो, पण वसतात.)

आणि मग १९८१. माझ्या कमिशनच्या आगेमागेचं साल. स्टीफन स्पॉट आणि ॲडम्स या दोघांनी एका शास्त्रीय नियतकालिकात छोटा निबंध लिहिला. प्रश्न सरळ होता: बंद, फिरत्या पाण्याच्या व्यवस्थेत यूव्हीने रोगजंतू खरंच कमी होतात, की तसा भास होतो? त्यांचा मुद्दा हिशोबाचा होता. तो मी माझ्या शब्दांत मांडतो.

समजा टाकीत २५० लिटर पाणी आहे आणि पंपाने २५० लिटर दिव्यापुढून नेलं. सगळं पाणी एकदा तपासलं गेलं? नाही. तपासलेलं पाणी परत टाकीतच पडतं आणि न तपासलेल्यात मिसळतं. पंप पुढच्या वेळी त्यातलंही ओढतो. हिशोब असा निघतो की एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी दिव्यापुढून जातं, ३७ टक्के गेलेलंच नसतं. पाच फेऱ्यांनंतरही शंभरातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग सुटलेला. दहा हजारात एकच भाग सुटावा असं वाटत असेल तर नऊ फेऱ्यांच्या वर जावं लागतं. आणि हे झालं शत्रू वाढत नसेल तर. इथे तो आतच, दगडावर बसून, नवी भरती करतो आहे. चेक पोस्टवर कितीही सजग शिपाई उभा करा, शत्रूची बराक छावणीच्या आत असेल तर काय उपयोग? वाहत्या पाण्याचं यंत्र फिरत्या पाण्याला लावलं की त्याचं काम बदलतं, हे त्या निबंधातून मला कळलं. फक्त मी तो वाचला तीस-पस्तीस वर्षं उशिरा.

आता माझी गोष्ट.

निवृत्तीनंतर टाकी लावली. त्यात क्लाऊनफिशची जोडी. मादी मोठी, नर लहान. त्यांच्यात मादी मेली तर नरच काळाने मादी होतो, हे सांगितलं की पाहुणे माझ्याकडे संशयाने बघतात, पण ते खरं आहे. जोडी आमच्याकडे सहा वर्षं होती. सौभाग्यवती त्यांना रोज सकाळी चहाच्या आधी खायला घालायची. मी काचेजवळ गेलो तर ते मागे सरायचे, ती गेली तर पुढे यायचे.

मग मी एक नवा टँग मासा आणला. दुकानदार म्हणाला, यूव्ही आहे ना, मग वेगळं ठेवायची काय गरज? मलाही तेच ऐकायचं होतं. निळा प्रकाश डोळ्यांना दिसत होता. पहारेकरी जागा आहे असं समजून मी झोपलो. बारा दिवसांत टँगच्या अंगावर ठिपके आले. तो गेला, त्याच्यामागे आणखी दोघे. क्लाऊनची जोडी आजारातून कशीबशी वाचली. नंतर नळी उघडली तेव्हा क्वार्ट्झवर बोटाने ओरखडा उमटेल एवढा शेवाळी थर होता, आणि दिव्याला दोन वर्षं झाली होती. या दिव्यांचं काम २५४ नॅनोमीटरच्या किरणांचं, ते डोळ्यांना दिसतच नाहीत. आपण बघतो तो निळा उजेड म्हणजे फक्त दिवा पेटलाय याची खूण. किरणांचा जोर ओसरला तरी उजेड तसाच राहतो. आणि दिवा नवा असता तरी या परजीवीला जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा लागते.

हरलेला फौजी काय करतो? मोठी तोफ मागवतो. मी ओझोनायझर घेतला. मात्रा मोजणारा नियंत्रक घेतला नाही, कारण तो यंत्रापेक्षा महाग होता. डबी स्किमरला जोडली, बटण शेवटापर्यंत फिरवलं. तीन दिवसांत पाणी असं झालं की टाकी रिकामी वाटावी. मी खूश. सौ. म्हणाली, "अहो, ते वर येऊन श्वास घेताहेत." मी नाक लावून पाहिलं. ओझोनचा वास पाण्यावर अजिबात नव्हता. म्हटलं, ओझोन तर पाण्यात टिकतच नाही, मिनिटांत निघून जातो, पुस्तकात लिहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी नर तळाशी आडवा पडलेला होता.

पुस्तकात लिहिलेलं गोड्या पाण्याबद्दल होतं. इथेही तीच चूक, एकीकडची गोष्ट दुसरीकडे लावायची. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. ओझोन त्याच्यावर सेकंदांत तुटून पडतो आणि त्यातून ब्रोमीनची तिखट संयुगं होतात. ओझोन गेला, वासही गेला, पण ही संयुगं पाण्यात फिरत राहतात आणि कल्ले जाळतात. म्हणून ओझोन लावलेलं पाणी टाकीत परत सोडण्याआधी ताज्या कार्बनमधून जावं लागतं. माझा कार्बन आठ महिन्यांचा होता.

हे सगळं मी वाचून म्हणत नाही. त्या दिवशी दुपारी मला हॉरॉक्सची पेटी आठवली. पोटॅशियम आयोडाइड मिळवलं, घरातल्या कॉर्नफ्लोअरची पातळ खळ केली. तीन पांढरे चहाचे कप मांडले. पहिल्यात टाकीचं पाणी, दुसऱ्यात बादलीत नुकतं मिसळलेलं खारं पाणी, तिसऱ्यात टाकीचंच पण नव्या कार्बनमधून गाळलेलं. प्रत्येकात थोडं व्हिनेगर, मग थेंब. दुसरा कप पांढरा राहिला. तिसरा पांढरा राहिला. पहिला हळूहळू निळा झाला. सौ. दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही, कप मात्र त्यानंतर ओट्यावर परत घेतले नाहीत.

ओझोन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मोठी मत्स्यालयं तो वापरतात, पण त्यांच्याकडे स्वतंत्र टाकी असते, रेडॉक्सचा मीटर असतो, तो ठरलेल्या आकड्यापुढे गेला की यंत्र आपोआप बंद होतं, आणि आकड्यावर लक्ष ठेवणारा माणूस पगारावर असतो. घरातल्या हवेत ओझोन सुटला तर तो आपल्या फुप्फुसांनाही लागतो, साध्या रबराच्या नळ्या चिरतात, त्या सिलिकॉनच्याच लागतात. ज्याला नियंत्रक परवडत नाही त्याला ओझोन परवडत नाही, हे माझं मत. यूव्ही मी ठेवला आहे. तरंगते जंतू आणि हिरवं पाणी यांवर तो चांगला आहे, एवढंच काम त्याच्याकडून घेतो. दिव्यावर मार्करने तारीख लिहिली आहे, दरवर्षी बदलतो, नळी महिन्याला पुसतो. ओझोनायझर माळ्यावर आहे.

नवा मासा आता आधी मागच्या खोलीत, चाळीस लिटरच्या उघड्या टाकीत सहा आठवडे राहतो. मादीसाठी एक लहान क्लाऊन आणला आहे. आज त्याचा एकोणिसावा दिवस. सकाळचं खाणं सौ.च घालते.